कॉलरचा नंबर : शर्टाच्या मापांचा इतिहास



आजच्या विषयासाठी कुठल्या दप्तरखान्यात जायची गरज नाही. समोर बसलेल्या बहुतेक पुरुष श्रोत्यांच्या मानेमागे, कॉलरच्या आतल्या बाजूला, पुरावा शिवलेलाच आहे. ती छोटी चिठ्ठी. तिच्यावर ३८, ३९, ४०, ४२, ४४ असा एखादा आकडा असतो. हा आकडा कशाचा, असं विचारलं की उत्तर येतं, ‘साइझचा’. बरं, साइझ कशाची? छातीची म्हणावं, तर चाळीस सेंटिमीटर छाती ही तान्ह्या बाळाची झाली. चाळीस इंच म्हणावी, तर मध्येच ३९ कुठून आला? छातीच्या इंचांवर निघणारे तयार कपडे साधारण दोन-दोन इंचांनी वाढतात. त्यात ३९ ला जागा नाही.

तो ३९ मुळात गळ्याचा आहे. ३९ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ साडेपंधरा इंच. टायवर घालायच्या शर्टाचा मुख्य आकडा गळ्याचाच असतो : इंग्लंड-अमेरिकेत इंचात, युरोपात सेंटिमीटरमध्ये. आपल्याकडे एक गंमत झाली. मध्यम बांध्याच्या माणसाचा गळा सेंटिमीटरमध्ये मोजला आणि छाती इंचात मोजली, तर दोन्ही आकडे जवळजवळ येतात. गळा ४०, छाती ४०. त्यामुळे काही चिठ्ठ्यांवर गळा असतो, काहींवर छाती, आणि दुकानात दोन्ही शर्ट एकाच फळीवर रचलेले असतात. ज्याचा बांधा मध्यम आहे त्याला फरक कळतही नाही. ज्याचा नाही, तो ट्रायल रूमच्या आरशासमोर उभा राहून स्वतःच्या पोटाला दोष देतो.

आमचं म्हणणं असं, की यात पोटाचा दोष कमी आणि एकोणिसाव्या शतकाचा जास्त आहे. ते कसं, ते आज पाहू.

माप नव्हतं तिथून सुरुवात करू. अठराव्या शतकातल्या युरोपात शर्ट हे आतलं वस्त्र होतं, लिननचं. त्यावर वेस्टकोट, त्यावर कोट. बाहेर दिसायची ती कॉलर आणि मनगटाची पट्टी, एवढंच. कोट शिवायचा शिंपी. शर्ट शिवायच्या बायका, कधी घरातल्या, कधी लिननचंच काम करणाऱ्या कारागीर. फ्रान्समध्ये गार्सो नावाच्या लेखकाने या दोन्ही धंद्यांवर वेगवेगळी पुस्तकं लिहिली, शिंप्याच्या कलेवर १७६९ मध्ये आणि लिननकाम करणाऱ्या बायकांच्या कलेवर १७७१ मध्ये. ती शेजारी ठेवली की दोन निराळी जगं दिसतात. शिंपी गिऱ्हाइकाचं अंग मोजतो, शर्टवाली कापड मोजते.

कारण शर्ट म्हणजे निव्वळ चौकोनांचा हिशेब होता. अंगासाठी एक लांब आयत, खांद्यावर दुमडलेला, डोकं जायला मध्ये चीर. बाह्यांसाठी दोन आयत. हात वर करता यावा म्हणून बगलेत तिरका बसवलेला एक लहान चौकोन. मानेशी आणि मनगटाशी जास्तीचं कापड चुण्या घालून पट्टीत बसवायचं. कात्री सरळ चालायची आणि चिंधी म्हणून वाया फारसं काही जायचं नाही. हे ऐकून आपल्याकडच्या पैरणीची, कळ्यांच्या कुडत्याची आठवण झाली असेल, तर ती रास्तच आहे. हातमागावरचं कापड महाग. ते गोल कापून कोपरे फेकून देणं तिथेही कुणाला परवडत नव्हतं आणि इथेही. असा शर्ट अंगाला ‘बसत’ नसे, तो अंगावर असे. बाहीचा जोड खांद्याच्या खाली दंडावर कुठेतरी यायचा, त्यामुळे ‘खांदा’ नावाचं मापच नव्हतं.

जाता जाता एक. आपले जुने लोक शर्टाला खमीस म्हणायचे. खमीस, कमीज, अरबीतलं कमीस, पोर्तुगीजमधलं कामीझा, सगळं एकाच कुळातलं. आणि बटणाचं जे ‘काज’ आपण म्हणतो, ते पोर्तुगीज ‘काझा’वरून आलं. काझा म्हणजे घर. बटणाचं घर! शब्द असे समुद्रमार्गे आले, मापं मागाहून आली.

तर शिंपी अंग मोजायचा, पण कशाने? टेपने नाही. कागदाची एक लांब पट्टी असायची, प्रत्येक गिऱ्हाइकाची वेगळी. छाती जिथे संपली तिथे एक खाच, बाही संपली तिथे दुसरी. पट्टीवर गिऱ्हाइकाचं नाव. आकडा एकही नाही. त्या माणसाचा कोट त्या पट्टीवरून उत्तम बेतता यायचा, पण शेजारच्या पट्टीशी तिची तुलना करायला काही साधन नव्हतं. इंचांच्या खुणा असलेला टेप शिंप्याच्या गळ्यात आला तो साधारण १८०० च्या आगेमागे. ही गोष्ट दिसायला किरकोळ आहे, पण आमच्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा फेरफार हाच. खाचेचा आकडा झाला, आणि आकडे एकमेकांशेजारी मांडता येतात. ‘३८ इंच छातीच्या माणसांची बाही साधारण किती असते?’ हा प्रश्न त्यापूर्वी कुणाला पडूच शकत नव्हता.

प्रश्न पडल्यावर उत्तर देणारेही पुढे आले. १८३० च्या दशकात लंडनमध्ये हेन्री वाम्पेन नावाच्या जर्मन गणितज्ञाने कपडे बेतण्याचं गणिती शास्त्रच मांडलं. त्याच्या आणि त्याच्यासारख्या इतरांच्या पद्धतींचा गाभा एकच : शरीराच्या अवयवांत प्रमाण असतं, म्हणून एक माप घ्या आणि बाकीची त्यावरून काढा. ते एक माप म्हणजे छाती. आजही आपल्याकडच्या शिवणवर्गात मुंढ्याची खोली छातीच्या चौथ्या हिश्श्यावरून आणि गळ्याची रुंदी छातीच्या बाराव्या हिश्श्यावरून काढायला शिकवतात. वहीत सूत्र उतरवून घेणाऱ्या मुलीला ते शाश्वत सत्य वाटतं. ते दोनशे वर्षांपूर्वीच्या एका कल्पनेचं पणतवंड आहे. वाईट कल्पना नव्हती ती. पण सूत्राने काढलेला गळा हा कागदावरच्या माणसाचा गळा असतो.

मग शर्टाच्या चिठ्ठीवर छातीऐवजी गळा कसा बसला? त्यासाठी अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय या गावी जावं लागेल.

तिथे अशी गोष्ट सांगतात की १८२७ साली हॅना माँटेग्यू नावाची गृहिणी नवऱ्याचे शर्ट धुऊन धुऊन कंटाळली. शर्ट स्वच्छ असायचा, मळायची ती फक्त कॉलर. तिने कॉलर कापून काढली, वेगळी धुतली, आणि बंदांनी परत बांधता येईल अशी केली. गोष्टीत पदरचं किती हे सोडून द्या. सुट्या कॉलरचा धंदा ट्रॉयमध्ये उभा राहिला हे मात्र खरं. गावाचं नावच ‘कॉलर सिटी’ पडलं. शर्ट आठवडाभर तोच, कॉलर रोज नवी, खळ लावून पुठ्ठ्यासारखी कडक केलेली. कारकुनाला कमी खर्चात साहेबासारखं दिसता येऊ लागलं. इंग्रजीत ‘व्हाइट कॉलर’ नोकरी म्हणतात ती ही कॉलर.

त्या कडकपणामागे बायकांचे हात होते. उकळतं पाणी, खळ, तापलेल्या इस्त्र्या आणि बारा-चौदा तासांचा दिवस. १८६४ साली केट मुलॅनी या तरुण कामगार स्त्रीच्या पुढाकाराने ट्रॉयच्या कॉलर धुणाऱ्या बायकांनी संघटना बांधली, सुमारे तीनशे जणींनी संप केला आणि वाढीव मजुरी पदरात पाडून घेतली. कपड्यांच्या इतिहासात राजेरजवाड्यांचे पोशाख फार येतात आणि धुणारी फार कमी येते, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता मापाकडे बघा. कॉलर सुटी झाली की ती स्वतंत्र वस्तू झाली, डझनावारी दुकानात मिळणारी. तिला नंबर हवा. आणि शर्टाच्या गळपट्टीलाही नंबर हवा, कारण एका कारखान्यातली कॉलर दुसऱ्या कारखान्यातल्या शर्टावर अडकवायची आहे. कडक कॉलर कापडासारखी ताणत नाही. पाव इंच चुकलं तर एक तर गळा आवळतो, नाहीतर मागचं बटण लागत नाही. म्हणून गळ्याचं माप पाव-पाव इंचापर्यंत काटेकोर झालं. बाकीच्या शर्टाला ती सक्ती नव्हती, तो कोटाखाली झाकलेलाच होता. सैल असला तर असू दे. एका अवयवाचं माप सोनाराच्या ताजव्यावर आणि बाकीचं अंदाजपंचे, हा असमतोल तिथे ठरला. पुढे तो कुणी मोडला नाही.

दरम्यान शर्ट कापण्याची पद्धत बदलली. गिरण्यांमुळे सुती कापड स्वस्त झालं, गोल कापून चिंध्या फेकणं परवडू लागलं. मुंढा वळणदार झाला. खांद्यावर दुहेरी पट्टा आला, आपले शिंपी त्याला ‘योक’ म्हणतात. बगलेतला तो चौकोनी तुकडा हळूहळू गळून पडला. लंडनच्या आल्डरमनबरी भागातल्या ब्राउन, डेव्हिस कंपनीने १८७१ मध्ये वरपासून खालपर्यंत बटणांनी उघडणारा शर्ट नोंदवला. त्याआधी शर्ट डोक्यातून घालत. म्हणजे आज आपण ज्याला शर्ट म्हणतो तो जेमतेम दीडशे वर्षांचा आहे. आणि खांद्याचा जोड आता खांद्याच्या हाडावर यायला हवा, अशी नवी अट त्याच्याबरोबर आली. खांदा महत्त्वाचा झाला, पण चिठ्ठीवर त्याचं नाव चढलं नाही.

पहिल्या महायुद्धात सैनिकांना मऊ, जोडलेल्या कॉलरचे शर्ट मिळाले. घरी परतल्यावर त्यांना पुन्हा पुठ्ठा गळ्यात घालायचा नव्हता. सुट्या कॉलरचे दिवस भरले. अडचण एकच उरली, पाणी. सुती कापड धुतल्यावर आटतं, आणि शिवलेली कॉलर आटली तर तो सबंध शर्टच निकामी. ट्रॉयच्याच क्लुएट, पीबडी कंपनीतल्या सॅनफर्ड क्लुएट यांनी कापड आधीच यंत्राने दाबून आटवून घेण्याची रीत काढली, तिला १९३० मध्ये पेटंट मिळालं. त्यांच्या नावावरून ती ‘सॅनफोराइज्ड’ झाली. आपल्याकडच्या गिरण्यांच्या जाहिरातींत हा शब्द ज्येष्ठ श्रोत्यांनी वाचलेला असेल. शिंपी ‘कापड पाण्यातून काढून आणा’ म्हणतो त्यामागेही हेच दुखणं आहे. कापड आटायचं थांबलं, तेव्हाच चिठ्ठीवरचा आकडा पहिल्या धुण्यानंतरही खरा राहू लागला.

छातीच्या, बाहीच्या, उंचीच्या तक्त्यांसाठी खरी शरीरं मोजली गेली ती मुख्यतः सैन्यात. १९१९ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सुमारे एक लाख अमेरिकन सैनिकांची मापं घेण्यात आली, अहवाल १९२१ मध्ये छापला गेला. त्यामागे गणवेश बेतण्याचाही हेतू होता. प्रयत्न मोठा, पण मोजलेला माणूस कोण? निवड होऊन भरती झालेला, कवायत केलेला तरुण. त्याला पोट नाही. अशा मोजणीतून बनणाऱ्या तक्त्यात छाती दोन इंच वाढली की खांदाही थोडा वाढतो, गळाही, बाहीही. पण चाळिशीतल्या गृहस्थाचं तसं होत नाही. त्याचं पोट वाढतं, खांद्याचं हाड होतं तिथेच राहतं. तो बेंबीवरचं बटण लागावं म्हणून ४० चा ४२ करतो, त्याबरोबर खांदा दंडावर ओघळतो, बाही बोटांवर येते, आणि लग्नाच्या फोटोत तो मोठ्या भावाचा शर्ट घातल्यासारखा दिसतो. हे दृश्य आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे.

भारतीय शरीरांची स्वतःची मोजणी फार उशिरा हाती घेतली गेली. निफ्ट या संस्थेने ‘इंडियासाइझ’ नावाचा प्रकल्प आखला. सहा शहरांत, १५ ते ६५ वयाच्या २५,००० स्त्री-पुरुषांची मापं स्कॅनरने घ्यायची अशी योजना. पासष्टपर्यंतची माणसं त्यात धरली, हे आम्हाला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

आपल्याकडे आणखी एक गुंता आहे. १९५६ च्या कायद्याने देश मेट्रिक मापांकडे वळला आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला कापड वारावरून मीटरवर आलं. शिंप्याचा टेप मात्र इंचातच राहिला. त्यामुळे आपण आजही बिनदिक्कत म्हणतो, ‘अठ्ठावन्न इंची पन्हा आहे, एक मीटर साठ द्या’. पन्हा छत्तीस इंची असेल तर फुल शर्टाला सव्वादोन ते अडीच मीटर. एकाच वाक्यात दोन मोजमापं, आणि दोघांनाही काही खटकत नाही.

शिंपी माप घेताना कोणत्या क्रमाने बोलतो ते आठवा. आधी उंची, मग खांदा, बाही, छाती, कंबर, सीट. गळा अगदी शेवटी, आणि तेव्हा विचारतो, ‘वरचं बटण लावता का?’ या प्रश्नात सगळं आलं. आपल्या हवेत, आपल्या रीतीने, टाय लावणारे सोडले तर वरचं बटण कोण लावतं? म्हणजे चिठ्ठीवर जो सर्वांत काटेकोर आकडा छापलेला आहे, तो आपण कधीच न लावणाऱ्या बटणाचा आहे. आणि जो खांदा दिवसभर मिरवायचा, त्याबद्दल चिठ्ठी मुकी.

म्हणून शर्ट निवडताना शिंप्याचा क्रम धरावा. आधी खांदा. दोन्ही हात खाली सोडून उभं राहायचं, बाहीचा जोड खांद्याच्या हाडाच्या टोकावर आला पाहिजे. हे आधी बघायचं कारण साधं आहे. बाजू आत घेता येतात, उंची कमी करता येते, कफ उसवून बाही आखूड करता येते. खांदा दुरुस्त करायचा तर बाही उसवून मुंढा नव्याने कापावा लागतो, आणि एवढं केल्यावरही तो शर्ट कधी पूर्ववत दिसत नाही. कॉलर तर मोठी होतच नाही, बटण फार तर जरासं सरकवता येतं. टाय लावणार असाल तर बटण लावून आत एक बोट सहज फिरलं पाहिजे. नसाल, तर गळ्याचा नंबर विसरून खांदा सांगेल ती साइझ घ्या, आणि पोटाशी बसत नसेल तर त्याच नंबरात सैल बेताचा शर्ट मागा. दुकानात स्लिम, रेग्युलर असे बेत असतात ते याचसाठी. अंगाच्या छातीपेक्षा शर्टाचा घेर चारएक इंच जास्त असला की तो अंगासरशी बसतो, सहाएक इंच असला की मोकळा होतो. शिंपी याला ‘लूज’ म्हणतात.

मग मुंढा. हे बहुतेकांना उलट वाटतं. लोक म्हणतात बगल मोकळी हवी, म्हणून खोल मुंढा घेतात. आता हात वर करून बसची दांडी धरा. खोल मुंढ्याचा शर्ट खालून सबंध वर ओढला जातो आणि पँटमधून बाहेर येतो. बगलेजवळ बसणारा मुंढा असेल तर फक्त बाही हलते. तयार कपड्यांत मुंढा खोल ठेवतात, कारण तो जास्तीत जास्त लोकांच्या अंगात शिरतो. अठराव्या शतकातला बगलेतला चौकोन हेच काम निराळ्या रीतीने करत होता. चिंधी वाचवणारा तो तुकडा हुशार होता, आणि तो गेला याचं आम्हाला थोडं वाईट वाटतं.

परदेशात राहणारे काही श्रोते ऑनलाइन ऐकत आहेत, त्यांच्यासाठी बाहीचं. अमेरिकेत शर्टावर दोन आकडे असतात, समजा १५½ आणि ३४. आपल्या शिंप्याने बाही साडेचोवीस लिहिलेली असते, मग ३४ बघून माणूस दचकतो. तिथे बाही मानेमागच्या मध्यापासून मोजतात, खांद्यावरून मनगटापर्यंत. तेव्हा आपला अर्धा खांदा, समजा नऊ इंच, अधिक बाही साडेचोवीस. झाले साडेतेहतीस. दुकानात ३३ आणि ३४ दोन्ही असतील तर ३४ घ्यावा, कफ मनगटाला अडतो आणि हात वाकवल्यावर बाही पुरते.

आणि आपल्याकडे अजून चालणारी एक रीत : शिंप्याला मापाला जुना शर्ट नेऊन देणे. कपड्यांचे जाणकार तिला कधीकधी नाकं मुरडतात, अंगावरून घेतलेलं मापच खरं म्हणतात. आम्हाला ती रीत शहाणपणाची वाटते. अंगात बसलेला शर्ट म्हणजे पुन्हा तीच बिनआकड्यांची कागदाची पट्टी, एकाच माणसाची. घरी करून बघा. तो शर्ट बटणं लावून टेबलावर सपाट पसरा. खांद्याच्या एका जोडापासून दुसऱ्या जोडापर्यंत, बगलेखाली एका शिवणीपासून दुसरीपर्यंत, आणि मागे कॉलरच्या खालून टोकापर्यंत, अशी तीन मापं लिहून घ्या. कॉलर उघडून बटणाच्या मध्यापासून काजापर्यंत चौथं. तो कागद पाकिटात ठेवा. पुढच्या वेळी दुकानात टेप मागा आणि घडी उलगडून शर्ट मोजा. दुकानदार जरा बघत राहील, पण मोजू देतो.

प्रश्न घेऊ या. पहिला हात मागच्या रांगेतून वर झालेला दिसतोय, आणि त्यांचा शर्ट बाहेर आलेला नाही.